चौदा खंडांची वाट: 'द व्हील ऑफ टाइम' वाचनाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

तरुणपणी ज्यांनी फँटसी भरभरून वाचली, नंतर नोकरी-संसारात ती सुटली आणि आता एखादी मोठी मालिका हाती घ्यावी असे ज्यांना पुन्हा वाटू लागले आहे, अशा वाचकांना उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवत आहे. माझ्या स्वतःच्या वाचनात बावीस वर्षांची खंडितता आहे. 'चांदोबा'तल्या विक्रम-वेताळाने लहानपणी लावलेली गोडी महाविद्यालयात जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांपर्यंत पोहोचली होती. पण नोकरी लागल्यानंतर या प्रकारातले एकही पुस्तक मी शेवटपर्यंत वाचलेले नाही. मुलगी आता शिक्षणासाठी बेंगळुरूला असते, संध्याकाळी घर शांत असते, आणि ठाण्याहून सीएसएमटीपर्यंतचा रोजचा लोकलचा प्रवास आहेच.

मालिका निवडताना एकच अट ठेवली: ती पूर्ण झालेली असावी. अर्धवट राहिलेल्या मालिकेच्या पुढच्या खंडाची वाट पाहण्याची उमेद आता माझ्यात नाही. रॉबर्ट जॉर्डन यांच्या या मालिकेचा पहिला खंड, 'द आय ऑफ द वर्ल्ड', जानेवारी १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. अकरा खंड आणि एक पूर्वकथा लिहून झाल्यावर सप्टेंबर २००७ मध्ये जॉर्डन यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅक्डूगल यांनी ब्रँडन सँडरसन यांची निवड केली, आणि जॉर्डन यांनी मागे ठेवलेल्या टिपणांच्या व लिहून ठेवलेल्या भागांच्या आधारे सँडरसन यांनी २००९, २०१० आणि २०१३ मध्ये शेवटचे तीन खंड पूर्ण केले. मरण समोर दिसत असताना आपली कथा दुसऱ्याच्या हाती नीट जावी म्हणून धडपडलेल्या लेखकाविषयी मनात जो आदर आहे, त्याचाही या निवडीत वाटा आहे.

पूर्वकथा, म्हणजे 'न्यू स्प्रिंग', कथाकाळाच्या दृष्टीने सर्वांत आधीची असल्यामुळे तिच्यापासून सुरुवात करण्याचा माझा बेत होता. ही मालिका दोनदा वाचलेल्या माझ्या भाच्याने तो हाणून पाडला. "मावशी, ती २००४ साली आलीय. बाकीचं सगळं ठाऊक असलेल्या माणसासाठी लिहिलीय ती. तू पहिल्या खंडापासूनच सुरू कर," असे तो म्हणाला, आणि मी त्याचे ऐकले.

११ जानेवारी, शनिवार

पहिली चूक पैशांची झाली. फाउंटनजवळच्या पदपथावर एका विक्रेत्याकडे पहिला खंड २५० रुपयांत मिळाला आणि मी तो न उलगडता पिशवीत टाकला. घरी आल्यावर लक्षात आले की प्रत नकली आहे. कागद इतका पातळ की मागच्या पानावरची अक्षरे पुढे दिसत होती, सुरुवातीच्या नकाशाच्या जागी काळा डाग होता, आणि शेवटची शब्दसूची छापलेलीच नव्हती. तिच्यात नावांचे उच्चार आणि संज्ञांचे अर्थ दिलेले असतात आणि नव्या वाचकाला तिचा मोठा आधार होतो, हे मला पुढे कळले. आज ५९९ रुपयांना खरी प्रत मागवली. जुनी पुस्तके जरूर घ्यावीत; पण घेण्यापूर्वी नकाशाचे पान आणि शेवटची दहा पाने उघडून पाहावीत.

दरम्यान नकली प्रतीतला पूर्वरंग दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा काहीच समजले नाही. उद्ध्वस्त महालातून एक भ्रमिष्ट पुरुष आपल्या पत्नीला हाका मारत फिरतो, एवढेच हाती लागले. तिथे थांबून अर्थ लावत बसू नये, असे माझे मत झाले आहे. तो प्रसंग मुख्य कथेच्या कितीतरी शतके आधीचा आहे आणि त्याचा अर्थ पुढे आपोआप उलगडत जातो.

१९ जानेवारी, रविवार

या आठवड्यात दोन गोष्टी बिघडल्या.

पहिली वेगाची. महाविद्यालयात मी तासाला पन्नास पाने वाचत असे आणि तोच हिशेब डोक्यात धरून महिन्याला एक खंड असे वेळापत्रक आखले होते. ठाण्याहून सुटणाऱ्या धिम्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते म्हणून जलद गाडी सोडली आणि घड्याळ लावून वाचले, तर पंचेचाळीस मिनिटांत सतरा पाने झाली. परतीच्या गर्दीत चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकावरची कडेची जागा, मिळाली तरी पुस्तक उघडता येत नाही, त्यामुळे दिवसाचा हिशेब सरासरी पंधरा पानांवर येतो. चौदा खंडांची मिळून दहा हजारांहून अधिक पाने होतात, म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ लागणार. पहिल्या दिवशी या आकड्याने मन खट्टू झाले. आता वेळापत्रक फाडून टाकले आहे आणि रोज एक प्रकरण किंवा पंधरा पाने, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते, एवढाच नेम ठेवला आहे.

दुसरी चूक अधिक महागात पडली. कथेत एक स्त्री पुन्हा भेटली आणि ती आधी कुठे आली होती ते आठवेना, म्हणून फोनवर तिचे नाव टाइप केले. नाव पूर्ण होण्याआधीच खाली आलेल्या सूचनांच्या यादीत तिच्या पुढच्या नशिबाचे दोन शब्द दिसले. ते पुसता येत नाहीत. वाचताना तिचा प्रत्येक प्रसंग आता त्या दोन शब्दांच्या सावलीत जातो आणि याचे मला मनापासून दुःख आहे. ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही त्यांनी एवढे एक तरी पाळावे: या मालिकेतले एकही नाव आंतरजालावर शोधू नये.

२ फेब्रुवारी, रविवार

मग नावे लक्षात कशी ठेवायची? पहिल्या पंधरा दिवसांत मी प्रत्येक नाव इंग्रजीत लिहीत गेले. एकसष्ट नावे झाली आणि एकही डोक्यात राहिले नाही. नाव डोळ्यांनी ओळखीचे होई, पण जिभेवर येत नसे. ऑफिसात रोज इंग्रजी वाचायची सवय असल्यामुळे मी या नावांकडेही फायलीतल्या क्रमांकांसारखी पाहत होते.

खरी प्रत आल्यावर शब्दसूचीतले उच्चार पाहिले आणि साठ रुपयांची नवी वही आणून सगळी नावे देवनागरीत उतरवायला घेतली. इथे मोठा फरक पडला. देवनागरीत लिहायचे म्हणजे उच्चार ठरवावाच लागतो. इंग्रजीप्रमाणे अंदाजे पाहून पुढे जाता येत नाही. जिला मी 'मोइराइन' समजत होते ती 'म्वारेन' निघाली. गावच्या वैद्यीणबाईंच्या नावावर माझी नजर प्रत्येक वेळी अडखळत होती, त्या साध्या 'नायनीव' झाल्या. स्त्रियांना वापरता येणारी शक्ती 'साइदार' आणि पुरुषांची 'साइदीन'. इंग्रजीत या दोन शब्दांत शेवटच्या दोन अक्षरांचाच फरक असल्यामुळे मी त्यांची सतत अदलाबदल करत होते. देवनागरीत 'दार' आणि 'दीन' वेगळे झाल्यापासून ती चूक एकदाही झाली नाही.

वहीला तीन रकाने आहेत: नाव, कोणाचे कोण, शेवटचे कुठे दिसले. पात्र दुसऱ्यांदा भेटल्याशिवाय त्याचे नाव वहीत लिहायचे नाही. या नियमाने एकसष्टची एकोणीस नावे झाली. 'कोणाचे कोण' हा रकाना सर्वांत उपयोगी ठरला, कारण आपण माणसे नात्यांनीच लक्षात ठेवतो. एमंड्स फील्ड या गावात गावकऱ्यांचे पंचमंडळ आणि बायकांचे मंडळ यांच्यात कारभारावरून सतत ओढाताण चालते. ज्याने ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या बायका पाहिल्या आहेत त्याला ती पाने समजावून सांगावी लागणार नाहीत.

वही लावल्यावर पहिल्या प्रकरणापासून पुन्हा सुरुवात केली. तीन आठवडे वाया गेले असे मी म्हणणार नाही. पण तेवढी पाने दोनदा वाचली हे नोंदवले पाहिजे.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिली चार प्रकरणे संथ आहेत, आणि मध्येच पुस्तक ठेवून द्यावे असे वाटण्याचा धोका तिथेच आहे. सणाची तयारी, वडील आणि मुलगा गाडी घेऊन गावाकडे निघालेले, वाऱ्यात ज्याचा झगा हलत नाही असा काळा घोडेस्वार, फेरीवाल्याच्या बातम्या. पाचव्या प्रकरणात हल्ला होतो. सहाव्या प्रकरणात तो मुलगा, म्हणजे कथेचा नायक रँड, जखमी वडिलांना दांडे आणि घोंगड्यांच्या जुजबी डोलीवर घालून, जंगलाच्या कडेकडेने, रात्रभर गावाकडे ओढत नेतो. दांड्यांचा जोर खांद्यांवर येतो, रस्त्यावरून जाण्याची सोय नाही, आणि तापात वडील असे काही बरळतात की आपण कोण आहोत याविषयी मुलाला शंका यावी. मुलुंड ते घाटकोपर एवढ्या अंतरात मी ते प्रकरण वाचले. पुस्तक मिटून मांडीवर ठेवले तेव्हा, बावीस वर्षांपूर्वी मी हे का वाचत होते, ते मला पुन्हा समजले.

एक गैरसमज इथेच दूर करते. 'ड्रॅगन' हा शब्द वाचून पंखांचा, आग ओकणारा प्राणी येणार अशी अपेक्षा मी शंभर पाने बाळगून होते. या मालिकेत 'ड्रॅगन' ही एका पुरुषाची उपाधी आहे. दुसरा गैरसमज आपल्याकडच्या वाचकांचा खास असू शकतो. कालचक्र, युगे, पुनर्जन्म हे सारे ओळखीचे असल्यामुळे मी त्याला अवतारकल्पना लावली आणि लोक त्याच्या येण्याची आतुरतेने वाट पाहत असतील असे धरून चालले. प्रत्यक्षात त्याच्या येण्याची लोकांना दहशत आहे, कारण मागच्या वेळी त्याच्याच हातून जग मोडले होते. इथल्या चाकाला सात आरे आहेत, म्हणजे सात युगे. आपली चार युगांची मांडणी तिथे बसवू नये. हातमागाची उपमा मात्र जशीच्या तशी चालते. चाक विणते, माणसांची आयुष्ये हे धागे, आणि काही माणसे अशी की त्यांच्याभोवती इतर धागे ओढले जातात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आठशे पानांचे पुस्तक एका हातात धरून दुसऱ्या हाताने कडी धरता येत नाही. मनगट दुखू लागल्यावर पुस्तक बाइंडरकडे नेले आणि त्याचे दोन भाग करून मागितले. सव्विसावे प्रकरण संपते तिथे कापायचे असे मी ठरवले होते. पण माझ्या प्रतीत सत्ताविसावे प्रकरण त्याच कागदाच्या मागच्या बाजूला सुरू होते, त्यामुळे तो कागद कोणत्या भागात ठेवायचा हा प्रश्न आला. त्या कागदाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ती दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला लावली. खर्च चार रुपये.

चूक पुढे झाली. बाइंडरने पाठीकडची बाजू साफ करताना ती जरा जास्तच कापली आणि वर कापडी पट्टी घट्ट चिकटवली. त्यामुळे मधला समास जवळजवळ उरलाच नाही आणि ओळींची सुरुवात वाचण्यासाठी पुस्तक ताणून धरावे लागते. पुढच्या खंडासाठी मी त्यांना कटिंग अजिबात करू नका असे सांगितले, तर ते म्हणाले, "ताई, कटिंग न करता दिलं तर कडा वरखाली दिसतील." दिसू देत. एका खंडाचे १४० रुपये ठरले.

९ मार्च, रविवार

एकतीस ते तेहतीस या प्रकरणांत चार दिवस अडकले. रँड आणि त्याचा मित्र मॅट केमलिन शहराच्या रस्त्याने चालले आहेत. काळ मध्येच मागे जातो, पुन्हा पुढे येतो, आणि कोणता मुक्काम आधीचा आणि कोणता नंतरचा ते समजत नाही. मला वाटले की माझेच लक्ष उडाले आहे. भाच्याला विचारल्यावर कळले की त्याचाही पहिल्या वाचनात तिथेच गोंधळ झाला होता. वहीत मुक्कामांची साखळी काढली, कोणत्या रात्री कुठे झोपले ते लिहिले, आणि प्रश्न मिटला. लेखकाने ही मांडणी सरळ ठेवली असती तर कथेचे काहीही नुकसान झाले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

पहिला खंड आज दुपारी संपला. फेरवाचनापासून मोजले तर आठ आठवडे लागले. शेवटची काही प्रकरणे फार घाईत उरकली आहेत आणि नेमके काय घडले ते दोनदा वाचूनही मला पूर्ण समजलेले नाही. पण पुढचा खंड मागवावा की नाही हा प्रश्न मनात आला नाही.

२० एप्रिल, रविवार

या महिन्यात एक उपद्व्याप केला आणि त्याचा फटका बसला. या मालिकेवरून केलेली दूरचित्रमालिका नोव्हेंबर २०२१ पासून प्राइम व्हिडिओवर आहे. पहिला खंड वाचून झाला, आता तेवढा भाग पाहायला हरकत नाही, असे समजून सुट्टीच्या दिवशी दोन भाग पाहिले. त्यात रँडचा दुसरा मित्र पेरिन विवाहित दाखवला आहे. पुस्तकात त्याचे लग्न झालेले नाही. त्यामुळे दुसरा खंड वाचताना त्याच्या प्रत्येक खिन्न प्रसंगामागे मी नकळत त्या पत्नीचे दुःख शोधू लागले, आणि पुस्तकाने दिलेले खरे कारण, म्हणजे लांडग्यांशी जडलेल्या नात्याची त्याला वाटणारी भीती, मला उशिरा दिसले. चेहऱ्यांचेही तसेच झाले. माझ्या मनातली नायनीव माझ्या आजोळच्या एका दाईसारखी होती. दोन तासांत ती पुसली गेली आणि परत मिळवायला दोन आठवडे लागले. चित्रमालिका वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. वाचन चालू असताना ती पाहू नये, एवढेच.

१८ मे, रविवार

दुसरा खंड संपला. सात आठवडे. याबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे, कारण काहीही बिघडले नाही. वेग तासाला सत्तावीस पानांवर आला आहे, पुस्तकाचे दोन भाग कटिंग न करता केले आहेत, आणि वहीत नवी नावे फक्त चौदा आहेत. कथा म्हणून हा खंड पहिल्यापेक्षा पुष्कळ बांधीव आहे.

१ जून, रविवार

सोमवारी, २६ मे रोजी, मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाला. मे महिन्यात छत्री कोण बाहेर काढतो? स्टेशनपासून ऑफिसपर्यंतच्या अंतरात पिशवी पूर्ण भिजली आणि तिसऱ्या खंडाची खालची कड तीन बोटे उंचीपर्यंत पाणी प्यायली. हा खंड माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ ३०० रुपयांत घेतलेला, जुना पण खरा होता.

पुस्तक वाळवताना मी जे केले ते आधी सांगते, कारण ते करू नये. घरी येऊन मी मुखपृष्ठावर कापड ठेवून इस्त्री फिरवली. वरच्या चकचकीत थराला फुगे आले आणि तो सुटला. नंतर शेजारच्या काकूंनी योग्य रीत दाखवली. दर वीस-पंचवीस पानांमागे एक कोरा, शाई नसलेला, पाणी शोषणारा कागद घालायचा, पुस्तक पंख्याखाली उभे करून पाने किंचित उघडी ठेवायची, कागद दर दोन तासांनी बदलायचे, आणि ओल जवळजवळ गेली की पाट्याखाली दोन दिवस दाबून ठेवायचे. वर्तमानपत्र घालू नये, त्याची शाई उतरते. पाने आता लाटांसारखी झाली आहेत, पण वाचता येतात. चार दिवस वाचन बंद होते. त्यानंतर पिशवीत पुस्तकाआधी प्लॅस्टिकची झिपची थैली जाते.

याच सुमारास भाच्याने बातमी दिली की ती चित्रमालिका तिसऱ्या सत्रानंतर पुढे जाणार नाही. ज्यांनी फक्त ती पाहिली त्यांची कथा मध्येच तुटली याचे वाईट वाटले.

१५ जून, रविवार

तिसऱ्या खंडात सुरुवातीच्या प्रकरणांनंतर रँड जवळजवळ नाहीसा होतो. शंभर पाने गेली तरी तो येईना, तेव्हा या जुन्या प्रतीतला एखादा फर्मा, म्हणजे एकत्र बांधलेल्या पानांचा गठ्ठा, गळला असावा किंवा भिजल्यावर पाने चिकटली असावीत, असा माझा समज झाला. एक अख्खी संध्याकाळ पानांचे क्रमांक मोजण्यात गेली. पाने सगळी होती. लेखकानेच नायकाला बाजूला ठेवून खंडाचा भार पेरिन, मॅट आणि त्यांच्याच गावची एग्वेन यांच्यावर टाकला आहे, आणि रँड अधूनमधून एखाद्या पानापुरता दिसतो.

इतरांची अशी संध्याकाळ वाचावी म्हणून भाच्याकडून, कथानक न फोडता, एवढे विचारून घेतले: पाचव्या खंडात पेरिन नाही आणि आठव्यात मॅट नाही. आपल्या आवडीचे पात्र खंडभर दिसले नाही तर प्रतीत दोष आहे असे समजू नये. दहाव्या खंडात कथा जागची फारशी हलत नाही हेही त्याने सांगितले, कारण त्याचा मोठा भाग नवव्याच्या शेवटाशी समांतर काळात चालतो. तिथे पोहोचल्यावर मी माझे मत लिहीन.

६ जुलै, रविवार

तिसरा खंड संपला. चौथा, 'द शॅडो रायझिंग', ६९९ रुपयांना आणला आणि तो हजार पानांच्या आसपास असल्यामुळे त्याचे तीन भाग करून घेतले, १६० रुपये. आजवरचा खर्च: नकली प्रत २५०, पहिला खंड ५९९, वही ६०, दोन खंडांची बांधणी २८०, झेरॉक्स ४, दुसरा खंड ५९९, तिसरा ३००, चौथा बांधणीसह ८५९. एकूण २,९५१ रुपये, सहा महिन्यांत. यांतले नकली प्रतीचे अडीचशे तेवढे पूर्ण फुकट गेले.

१७ ऑगस्ट, रविवार

चौथ्या खंडाच्या पंचविसाव्या आणि सव्विसाव्या प्रकरणांविषयी लिहायचे आहे. ज्यांना काहीच आधी कळायला नको आहे त्यांनी ही नोंद सोडून द्यावी.

वाळवंटातल्या एका निषिद्ध नगरात रँड काचेच्या खांबांच्या मधून चालत जातो. प्रत्येक पावलागणिक तो एका पूर्वजाच्या आयुष्यात शिरतो, त्याच्या डोळ्यांनी पाहतो, आणि पुढच्या पावलाचा पूर्वज आधीच्यापेक्षा जुना असतो. म्हणजे माणूस पुढे चालतो आणि काळ मागे जातो. माझ्या वहीची रीत इथे पूर्ण कोलमडली. 'शेवटचे कुठे दिसले' या रकान्याला अर्थच उरला नाही, कारण एका भागातला म्हातारा पुढच्या भागात लहान मुलगा म्हणून भेटतो, आणि ज्याचे नाव नुसते आजोबा म्हणून ओझरते आलेले असते तोच नंतर बोलू लागतो. पहिल्या वाचनात मी नावे धरून ठेवण्याच्या नादात प्रसंगच गमावले. रात्री साडेअकराला पुस्तक मिटले तेव्हा काहीतरी मोठे घडून गेले आणि ते आपल्या हातून निसटले, एवढेच जाणवत होते.

काल सकाळी उपाय सुचला. दोन्ही प्रकरणांतल्या प्रत्येक दृश्याच्या सुरुवातीला पेन्सिलने आकडा टाकला आणि मग शेवटच्या दृश्यापासून पहिल्याकडे, उलट क्रमाने वाचत आले. काळ आता सरळ वाहू लागला. सुरुवातीला सुखी, शस्त्राला न शिवणारी माणसे आहेत. जग मोडल्यावर त्यांच्यावर काही वस्तू सांभाळण्याची जबाबदारी येते आणि ती गाड्या भरून निघतात. पिढ्या जातात. जे पहिल्या पिढीने समजून घेतलेले व्रत होते ते पुढच्यांना निव्वळ आज्ञा म्हणून मिळते, त्यापुढच्यांना सवय म्हणून, आणि काहीजण ते ओझे रस्त्यातच टाकून निघून जातात. एका दृश्यात काही तरुण आपल्या पळवून नेलेल्या माणसांना सोडवायला जातात आणि त्यांच्या हातून पळवून नेणारे मरतात. धुळीपासून बचाव म्हणून बांधलेले फडके त्यातल्या एकाच्या गळ्यात असते. तो परत येतो तेव्हा आई त्याला आपला मुलगा मानायला तयार होत नाही आणि तोंड झाक म्हणते. या वाळवंटी लोकांची मारण्यापूर्वी चेहरा झाकण्याची जी रीत मी पहिल्या खंडापासून फक्त ऐकत आले होते, ती त्या एका वाक्यातून निघाली आहे.

छापलेल्या क्रमाने वाचताना हे फडके आधी एक युद्धचिन्ह असते आणि मग उलगडत जाऊन साधे फडके होते. उलट क्रमाने वाचताना साध्या फडक्याचे युद्धचिन्ह होताना दिसते. दोन्ही वाचने हवीत, पण आधी लेखकाच्या क्रमाने आणि मग उलट; माझ्यासारखे पहिल्या वाचनात वही घेऊन बसू नये.

वहीत यासाठी वेगळी जागा केली आहे. शेवटच्या पानावरून सुरुवात करून, मागून पुढे येत, एका पानावर एक पूर्वज असे लिहिले आहे आणि प्रत्येकाखाली त्याने काय सांभाळले व काय टाकले, एवढीच नोंद आहे. आठ पाने भरली. मधल्या दोन पूर्वजांच्या मध्ये किती पिढ्या गेल्या असाव्यात ते नक्की लागत नाही, म्हणून तिथे एक पान कोरे ठेवले आहे. उद्या सकाळच्या गाडीत सत्ताविसावे प्रकरण.